स्क्रॅपबुक सुरू करताय? आधी थोडं ऐका

पहिली गोष्ट, वाढदिवस आणि ट्रिपचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही रोजचं काढा. दारातल्या चपलांचा ढीग, फ्रीजवर चिकटवलेली यादी, आजोबा चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधतायत, असलं. सगळ्यांना ओळीत उभं करून हसायला लावू नका हो, कोणीच तसं हसत नाही घरी.

आता कागदाचं, इथे मी चांगलीच फसले होते. माझा पहिला अल्बम चिकट पानांचा, वर प्लास्टिक ओढायचं तो, काही वर्षांनी पानं पिवळी पडली आणि फोटो असे चिकटून बसले की एक काढताना लेकीचा अर्धा चेहराच गेला. तेव्हापासून अ‍ॅसिड-फ्री, लिग्निन-फ्री कागदच घेते, आम्ल आणि लिग्निन (लाकडातला एक घटक) यांच्यामुळे कागद पिवळा पडतो. प्लास्टिकचे पॉकेट घ्याल तर पीव्हीसी नको, पॉलिप्रॉपिलीन बघा. तिकिटं, बिलं चिकटवायची असतील तर आधी झेरॉक्स काढा, थर्मल कागदावरचं (उष्णतेने छापतात तो, दुकानातल्या बिलांचा) उडून जातं.

प्रिंटसाठी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवू नका, साईज कमी होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल असले की ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) मिळतो, झालं.

आणि खाली लिहा, हाताने, अक्षर घाण असलं तरी. तारीख, कोण, आणि तेव्हा कोण काय बोललं ते. माझ्याकडे एका पानावर फक्त "आई, डाळ परत करपली" एवढंच लिहिलंय, सगळे आधी तेच पान उघडतात.