टी-शर्टाचं नंतर बघू, आधी यादी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी शब्दकोशाचं छोटं मुक्तस्रोत (ओपन सोर्स) ॲप आहे, नवी आवृत्ती तोंडावर आलीय, वर्षभर मदत केलेल्यांचे आभार मानायचेत, तर टी-शर्ट छापावेत की प्रमाणपत्रं द्यावीत? माझं ऐकाल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी यादी करायला बसा. खरी मेहनत तिथेच आहे.

यादी म्हटलं की सगळे 'गिट' या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाची 'शॉर्टलॉग' ही आज्ञा चालवून मोकळे होतात. त्यात कोणाचे किती कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, एवढंच कळतं. रीडमी या ओळखपर फाइलमधला एक स्वल्पविराम दुरुस्त करणारा त्यात येतो. पण जुन्या फोनवर नेमक्या कुठल्या जोडाक्षराला ॲप बंद पडतं हे शोधून, पायऱ्या लिहून, स्क्रीनशॉटसकट इश्यू (अडचणीची नोंद) टाकणारी येत नाही. दुसऱ्यांचा कोड तपासणारे म्हणजे रिव्ह्यू करणारे, नवख्यांच्या त्याच त्या शंका न कंटाळता सोडवणारे, सर्व्हरचं बिल भरणारे, यांतलं कोणीच नाही. उलट घरचा आणि ऑफिसचा असे दोन ईमेल वापरणारा दोनदा येतो (त्यावर एकाच माणसाचे ईमेल जोडणारी 'मेलमॅप' फाइल हा इलाज आहे). लग्नपत्रिकेत एखाद्या काकांचं नाव राहिलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. फरक इतकाच की इथले काका भांडत नाहीत, गुपचूप यायचे बंद होतात.

यात मला सगळ्यात पटलेली पद्धत कर्लची, म्हणजे इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाची. डॅनियल स्टेनबर्ग यांच्या या प्रकल्पात 'थँक्स' नावाची एक साधी मजकूर फाइल आहे, आणि तिच्यात 3000 हून जास्त नावं आहेत. कोड लिहिणारेच नव्हे, बग कळवणारेही. खुबी अशी की ही नावं कोणी आठवून लिहीत नाही. दुरुस्ती करतानाच कमिटच्या संदेशात 'रिपोर्टेड-बाय' म्हणून नाव टाकायचं. रिलीजच्या वेळी स्क्रिप्ट ती नावं गोळा करते. लिनक्सच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्येही 'टेस्टेड-बाय', 'रिव्ह्यूड-बाय' अशा ओळी असतातच. तुम्ही आजपासून एवढं एक सुरू केलंत तरी पुढच्या वर्षी हा प्रश्न पडणार नाही.

दुसऱ्याचा पॅच (त्यानं सुचवलेला कोडमधला बदल) घेऊन तुम्ही तो बराचसा नव्यानं लिहिलात, तरी 'को-ऑथर्ड-बाय'मध्ये त्याचं नाव ठेवा. नाव गाळून स्वतःच्या नावावर कमिट करणारे मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) मी पाहिलेत. त्यांना तो माणूस पुन्हा दिसत नाही, आणि का ते कळतही नाही.

भाषांतर करणाऱ्यांचं काय? नोम (GNOME) या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या ॲप्समध्ये यावर छान युक्ती आहे. भाषांतराच्या फाइलमध्ये 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' अशी एक ओळ असते, तिचं भाषांतर करायचंच नसतं. तिथे भाषांतरकारांनी आपली नावं लिहायची. मग मराठीत ॲप उघडलं की 'विषयी'च्या खिडकीत मराठी करणाऱ्यांची नावं दिसतात, फ्रेंचमध्ये उघडलं की फ्रेंच करणाऱ्यांची. नाहीतर भाषांतराच्या या फाइलच्या (पीओ फाइलच्या) डोक्यावर 'लास्ट-ट्रान्सलेटर' म्हणून शेवटी हात लावणाऱ्याचंच नाव उरतं.

आता टी-शर्ट. 2020 चा हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे मुक्तस्रोत प्रकल्पांना मदत करण्याचा ऑक्टोबरातला उपक्रम, आठवत असेल. चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशा विनंत्या) केल्या की टी-शर्ट, असा नियम होता. लोकांनी रीडमीमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' वगैरे शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला (आपल्या देशातल्या पोरांचा वाटा त्यात मोठा होता, हे कबूल करायला हवं). शेवटी आयोजकांना त्या ऑक्टोबरातच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला त्यांच्यापुरताच तो ठेवावा लागला. याउलट संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक पाठवत आणि लोक तो वटवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीवर लावत. रक्कम नगण्य, पण 'तुम्ही अमुक चूक पकडलीत' हे त्यात होतं. म्हणून टी-शर्ट द्यायचाच तर आधी जाहीर न करता द्या, आणि सोबत दोन ओळी त्या माणसानं नेमकं काय केलं याच्या लिहा. 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' हे कोणालाच पोहोचत नाही.

एक मात्र करू नका: आभार म्हणून कमिटचे हक्क, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करण्याची मुभा, देऊ नका. एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. दमलेल्या, एकट्यानं प्रकल्प ओढणाऱ्या मेंटेनरच्या मदतीला एक जण आला, दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला, हक्क मिळवले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदार (बॅकडोअर) घातलं. एसएसएचनं दूरच्या संगणकात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या आंद्रेस फ्रॉइंड यांच्या शंकेमुळे मार्च 2024 मध्ये ते सापडलं. हक्क कामाची गरज बघून द्यावेत. बक्षीस म्हणून दिले की नाही म्हणणं अवघड होतं, काढून घेणं त्याहून.

यादीचा मसुदा रिलीजच्या आठवडाभर आधी सगळ्यांपुढे ठेवा आणि 'कोण राहिलं?' असं सरळ विचारा. नाव देवनागरीत कसं लिहायचं, खरं नाव चालेल की टोपणनाव, हेही ज्याचं त्यालाच विचारा. काहींना नोकरीमुळे नाव नको असतं. त्यांना निरोप वेगळा पाठवा.