प्युअर डेटात आवाज येत नसेल तर

हलगीच्या ठेक्यावर प्युअर डेटात, म्हणजे चौकटी तारांनी जोडून आवाज घडवण्याच्या संगणक-प्रणालीत, काही रचावे, ही कोल्हापुरात बसून तुम्हाला सुचलेली कल्पना मला मनापासून आवडली. ती सोडू नका. तुमच्या पॅचमधून (जोडलेल्या चौकटींच्या रचनेतून) आवाज येत नाही असे तुम्ही म्हणता, पण त्यासाठी तो अख्खा मोडण्याआधी मुख्य खिडकीतील डीएसपी, म्हणजे आवाजाची प्रक्रिया, सुरू आहे का ते पाहा आणि मीडिया मेनूतील ऑडिओ-मिडी चाचणी उघडून तिथला सूर सुरू करा. तो ऐकू आला तर दोष पॅचमध्ये आहे. नाही आला, तर ऑडिओ सेटिंग्जमध्ये आउटपुटचे योग्य साधन निवडा.

नवशिक्यांची हमखास होणारी चूक म्हणजे मिडी क्रमांक ६० (मिडी पद्धतीतला स्वराचा क्रमांक) थेट ऑसिलेटरला, म्हणजे सूर काढणाऱ्या चौकटीला, जोडणे. ऑसिलेटर त्याला ६० हर्ट्झ समजतो, आणि लॅपटॉपच्या लहान स्पीकरमधून इतका खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे पॅच चालू असूनही बंद वाटतो. मध्ये एमटॉफ (mtof), म्हणजे मिडी क्रमांकाचे हर्ट्झमध्ये रूपांतर करणारी चौकट, ठेवा, म्हणजे सुमारे २६१.६ हर्ट्झ मिळतील.

दुसरी चूक इनलेटची, म्हणजे चौकटीत आकडे आत घेणाऱ्या तोंडांची. बेरजेच्या चौकटीत उजवीकडून आलेला आकडा फक्त साठवला जातो. उत्तर डावीकडे काही आल्यावरच बाहेर पडते. शंका येईल तिथे प्रिंट, म्हणजे आलेला आकडा मुख्य खिडकीत दाखवणारी चौकट, जोडून पाहा.

हेडफोन घालण्यापूर्वी सिग्नलला ०.१ ने गुणा, कारण तो −१ ते +१ च्या बाहेर गेला की आवाज फाटतो. कान जपा, हे मी कळकळीने सांगतो.

सबपॅच (पॅचच्या आतला पॅच) आणि बाहेरच्या लायब्रऱ्या (इतरांनी बनवलेल्या जादा चौकटींचे संच) सध्या नकोत. पुन्हा अडलात तर मुख्य खिडकीत चूक दाखवणारी लाल ओळ जशीच्या तशी पाठवा.