कायम कामगाराला कुणी काढत नाहीये, मग द्वारसभेला का जायचं?

प्रश्न कोपरखैरण्याच्या ताईंचा. वडील महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. खात्यातली रिक्त पदं रद्द करून काम ठेकेदाराला द्यायचा प्रस्ताव आहे. युनियनने द्वारसभा, म्हणजे कामाच्या ठिकाणी गेटवरची सभा, लावली आहे, पण वडील म्हणतात, आपली नोकरी शाबूत आहे, मग कशाला भांडायचं?

ताई, त्यांना पाठवाच. ठाणे-नवी मुंबईत इतकी वर्षं युनियनचं काम करताना मी नोकरकपात अशीच झालेली बघितली आहे. काढून टाकल्याचं पत्र कुणाच्या हातात पडत नाही. माणूस निवृत्त होतो, जागा भरत नाहीत, काही वर्षांनी ‘पद रिक्तच आहे, म्हणजे गरज नाही’ म्हणून ते आकृतिबंधातून, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतून, वगळतात आणि तेच काम निविदेत दिसतं. शासनाने महापालिकेच्या आस्थापना खर्चाला, म्हणजे पगार-भत्त्यांच्या खर्चाला, 35 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. कायम कामगाराचा पगार त्यात धरला जातो, ठेकेदाराचं बिल दुसऱ्या लेखाशीर्षाखाली निघतं. पैसा करदात्याचाच, वर ठेकेदाराचा नफा. याला बचत म्हणणं मला पटत नाही.

वडिलांचंच काम घ्या. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की सेक्टरच्या शेवटच्या इमारतीत पाणी चढतं, हे नकाशात नसतं. जुन्या माणसाबरोबर हिंडूनच नवा मुलगा ते शिकतो. ती साखळी एकदा तुटली की नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण कितीही भरलेलं असो, नळाला पाणी वेळेवर येईलच असं नाही.

ठेक्यावरच्या मुलाचं काय होतं तेही सांगतो. एक पंपचालक पीएफचं पासबुक घेऊन माझ्याकडे आला होता. पंपहाऊस तेच, लॉगबुक तेच, काम सांगणारा पालिकेचा कनिष्ठ अभियंताही तोच. पासबुकात मात्र तीन ठेकेदारांची नावं आणि मधले काही महिने कोरे. ग्रॅच्युइटी मागितली तर प्रत्येक ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे तुझी पाच वर्षं झालीच नाहीत. माणूस एकाच खुर्चीवर बसलेला आणि कागदावर दर वेळी नवा.

ते लॉगबुक हाच पुढे पुरावा ठरतो. ठेका संपला किंवा बंद झाला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ‘सेल’ म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात स्पष्ट केलं. पण ठेका नुसता कागदोपत्री असेल, हुकूम आणि देखरेख मूळ मालकाचीच असेल, तर कामगार त्याचाच. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने याच मुद्द्यावर झुंज दिली. औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा 2014 चा, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही 2,700 सफाई कामगारांचा हक्क टिकला. एक लक्षात ठेवा: ठेक्यावरच्या मुलांना घेऊन थेट औद्योगिक न्यायालयात अनुचित प्रथेची, म्हणजे मालक कामगारांशी गैर वागतो अशी, तक्रार केली, तर ‘आधी मालक-कामगार नातं सिद्ध करा’ म्हणून ती अडकते. सिप्ला या औषध कंपनीच्या खटल्यापासून हे ठरून गेलं आहे. कामगार आयुक्तांकडे औद्योगिक विवाद उपस्थित करणं हा लांबचा पण खरा रस्ता.

अर्थात ठेका एकदा दिला गेला की सगळं वर्षानुवर्षं लांबतं. म्हणून जोर आत्ता लावायचा. माहिती अधिकारात मंजूर पदं, रिक्त पदं आणि ठेक्याचं अंदाजपत्रक मागा. उत्तराला 30 दिवस लागतात, त्यामुळे अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. कायम कामगारांच्या सेवाशर्तींना हात लागणार असेल तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती दिली का ते विचारा. विषय स्थायी समितीत जाण्याआधी सदस्यांना लेखी हरकती द्या.

संपाची नोटीस 14 दिवसांची. पण पाण्याच्या बाबतीत संप मी अगदी शेवटी ठेवीन. एक सकाळ नळ कोरडे राहिले की सोसायट्या कामगारांवरच उलटतात. त्याआधी सोसायट्यांच्या सभांना जा, रात्री पाइप फुटला तर कुणाला फोन करायचा हे त्यांना विचारा. लोक त्याच प्रश्नावर तुमच्या बाजूला येतात.

आणि ठेक्यावरच्या मुलांना बाहेर ठेवून ही लढाई जिंकता येणार नाही. कायम कामगारांच्या युनियन इथेच कमी पडतात, हे मी मनापासून सांगतो. तुमच्या युनियनच्या घटनेत त्यांना सभासद करून घेण्याची तरतूद नसेल, तर ती दुरुस्ती करण्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवा, अशी मागणी वडिलांनी याच द्वारसभेत करावी.