दोन ओळींच्या फेडर बोर्डवरून डिजिटल कन्सोलकडे जायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या एकांकिकांना तुम्ही १२ फेडरचा (दिवा कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांचा), ए आणि बी अशा दोन ओळींचा बोर्ड चालवला आहे. आता स्क्रीनवाला कन्सोल शिकायचाय, पण घरी कन्सोल नाही. कुठला आधी शिकावा आणि पुढे व्यावसायिक नाटकाचे लाइट्स सांभाळता यावेत म्हणून नेमकं काय शिकावं?

कुठलाही कन्सोल घ्या, पण सगळ्यात आधी ट्रॅकिंग समजून घ्या. फेडर बोर्डवरून आलेला माणूस हमखास इथेच अडकतो.

दोन ओळींच्या बोर्डवर तुम्ही दर वेळी पूर्ण चित्र लावता. ए ओळीवर चालू प्रसंग, बी ओळीवर पुढचा, आणि मास्टर फिरवला की एक चित्र जाऊन दुसरं येतं. ट्रॅकिंगवर चालणारा कन्सोल क्यूमध्ये (एका इशाऱ्याला येणाऱ्या, साठवलेल्या प्रकाशचित्रामध्ये) फक्त बदल साठवतो. समजा, चॅनल ५ वर दिवाणखान्यातल्या टेबलाचा स्पॉट आहे. क्यू ३ मध्ये तो ६० टक्क्यांवर आला. क्यू ४, ५, ६ मध्ये तुम्ही त्याला हात लावला नाही, म्हणजे तो ६० वरच राहतो. क्यू ७ च्या ब्लॅकआउटला तो शून्यावर जातो. आता तालमीत दिग्दर्शक क्यू ४ ला म्हणाले, ‘टेबल जरा कमी करा.’ तुम्ही ४० केलं आणि क्यू ४ पुन्हा रेकॉर्ड केला. ५ आणि ६ मध्येही टेबल आता ४० वर गेलं, कारण त्या क्यूंमध्ये ५ नंबरचा स्वतःचा आकडाच नव्हता. तुम्हाला ते फक्त ४ पुरतं हवं असेल तर रेकॉर्ड करताना ‘क्यू ओन्ली’ द्यावं लागतं. मग कन्सोल क्यू ५ मध्ये जुना ६० आपणहून लिहून ठेवतो.

याच कारणाने ब्लॅकआउट कधीही ग्रँडमास्टर (सगळ्या दिव्यांवरचा एकच फेडर) खाली ओढून रेकॉर्ड करू नका. रंगमंच काळा दिसतो, पण क्यूमध्ये चॅनलचे आकडे जसेच्या तसे असतात. दुसऱ्या दिवशी मास्टर वर असताना तो ‘ब्लॅकआउट’ आला की सगळं लख्ख. प्रत्येक चॅनल खरोखर शून्यावर न्या आणि मगच साठवा. अंकाच्या सुरुवातीच्या क्यूला ‘ब्लॉक’ करून ठेवा, म्हणजे पहिल्या अंकात केलेली दुरुस्ती दुसऱ्या अंकात झिरपत नाही. काही कन्सोलवर ट्रॅकिंग बंद-चालू करता येतं. अनोळखी कन्सोलवर बसलात की आधी तेच तपासा.

ट्रॅकिंगइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे डीएमएक्स, कन्सोल दिव्यांना हुकूम देतो ती डिजिटल भाषा. कन्सोल आणि लाइट्स यांच्यात जी केबल जाते तिच्यातून एका वेळी ५१२ चॅनल जातात, प्रत्येकाची किंमत ० ते २५५. या ५१२ च्या गठ्ठ्याला युनिव्हर्स म्हणतात. प्रत्येक दिव्याला सुरुवातीचा पत्ता देतात आणि तिथपासून त्याला लागतील तेवढे चॅनल तो खातो. पत्ते मांडायचा सराव कागदावर करा. १२ चॅनलचा डिमर (साध्या दिव्यांची वीज कमी-जास्त करणारा खोका) १ वर ठेवला तर त्याने १ ते १२ घेतले. ७ चॅनल मोडमधले (मोड म्हणजे दिवा किती चॅनल वापरेल ती त्याची सेटिंग) ८ एलईडी पार, म्हणजे न हलणारे साधे दिवे, १३ पासून लावले तर त्यांचे पत्ते १३, २०, २७, ३४, ४१, ४८, ५५, ६२ आणि शेवटचा ६८ वर संपतो. दोन मूव्हिंग हेड (मोटरने वळणारे दिवे) १६ चॅनलचे असतील तर ते लगेच ६९ वर न ठेवता १०१ आणि ११७ वर ठेवा. ऐन वेळी दोन पार वाढले तर मधली जागा कामाला येते.

जुन्या दिव्यांवर पत्ता डिप स्विचने (छोट्या चालू-बंद खटक्यांच्या पट्टीने) द्यावा लागतो. पहिल्या नऊ स्विचची किंमत १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. म्हणजे १०१ साठी ६४ + ३२ + ४ + १, अर्थात ७, ६, ३ आणि १ नंबरचे स्विच चालू. दहावा स्विच बहुधा ऑटो किंवा साउंड मोडचा असतो. तो चुकून वर राहिला की दिवा कन्सोलचं न ऐकता आपणच नाचतो.

बिघाड लक्षणांवरून ओळखायला शिका, कारण नाट्यगृहात विचार करायला वेळ नसतो. दोन दिवे एकसारखे वागतात म्हणजे दोघांचा पत्ता एक आहे. लाल मागितल्यावर दिवा लुकलुकतो किंवा भलताच रंग देतो म्हणजे दिव्यावरचा मोड आणि कन्सोलमधला पॅच (कुठला चॅनल नंबर कुठल्या दिव्याला, कुठल्या पत्त्यावर जोडलाय याची नोंद) जुळत नाही: दिवा ४ चॅनलवर, पॅच ७ चा. एका ठरावीक दिव्यापासून पुढचे सगळे थरथरतात, तर त्या दिव्याच्या आधीची केबल बदला आणि शेवटच्या दिव्यात टर्मिनेटर आहे का पाहा. टर्मिनेटर म्हणजे मेल एक्सएलआर कनेक्टरमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये जोडलेला १२० ओहमचा रेझिस्टर. घरी बनवता येतो, दोन-तीन करून पेटीत टाका. एका लाइनवर जास्तीत जास्त ३२ दिवे, आणि वाय केबलने फाटा कधीच फोडायचा नाही, त्यासाठी स्प्लिटर (एक सिग्नल अनेक लाइनींत वाटणारी पेटी) असतो. माइकची केबल वापरून चार दिवे चालतातही, म्हणून लोक तीच लावतात. पण तिचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) डीएमएक्ससाठी लागणाऱ्या १२० ओहमच्या आसपासचा नसतो. लांबी आणि दिवे वाढले की सिग्नल परावर्तित होऊन दिवे वेडेवाकडे वागायला लागतात, आणि तेही नेमके प्रयोगात.

विजेबद्दल एवढं तरी पक्कं हवं. १००० वॅटचा पार २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेतो. २ किलोवॅटच्या एका डिमर चॅनलवर असे दोन, तिसरा लावायचा नाही. १२ चॅनलचा पॅक पूर्ण भरला तर २४ किलोवॅट होतात, आणि ३२ अँपिअरच्या थ्री फेज सप्लायवर तिन्ही फेज मिळून २२ किलोवॅटच मिळतात. त्यामुळे सगळे एकदम १०० टक्क्यांवर नेणारा क्यू लिहिण्याआधी बेरीज करा. एलईडी पार किंवा मूव्हिंग हेड डिमरच्या सॉकेटवर कधीही लावू नका. ‘फेडर फुलवर ठेवतो’ म्हणूनही नाही. डिमर विजेची लाट कापून देतो आणि त्याने दिव्याचा पॉवर सप्लाय जळू शकतो. त्यांना थेट सप्लाय द्या.

आता कन्सोल. नाटक करायचं असेल तर मी ईटीसीच्या इऑसपासून सुरुवात करायला सांगेन. त्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर फुकट चालतं, फक्त खऱ्या दिव्यांपर्यंत सिग्नल न्यायला डोंगल विकत घ्यावा लागतो. संगीताचे कार्यक्रम आणि मोठे इव्हेंट करायचे असतील तर ग्रँडएमए३ चं ऑनपीसी घ्या. तेही फुकट उतरवता येतं आणि सोबत थ्रीडी रंगमंच मिळतो. खरे दोन पार पेटवून बघायचे असतील तर क्यूएलसी प्लस हे मुक्त सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस पुरेसा आहे.

इऑसमध्ये ‘१ थ्रू ६ ॲट ७० एंटर’ असं टाइप करायचं आणि मग ‘रेकॉर्ड क्यू १ टाइम ५ एंटर’. ग्रँडएमएवर (थोडक्यात एमएवर) एंटरच्या जागी ‘प्लीज’ नावाचं बटण असतं. एक फरक आधीच डोक्यात ठेवा: इऑसवर ‘ॲट ५’ म्हणजे ५० टक्के, एमएवर ‘ॲट ५’ म्हणजे ५ टक्के. आणि एमएवर साठवल्यावर ‘क्लिअर’ दाबायला विसरलात तर प्रोग्रामरमधले (तुम्ही हाताने दिलेले, अजून न सोडलेले) आकडे क्यूवर चढून बसतात. गो (पुढचा क्यू सोडणारं बटण) दाबूनही काहीच बदलत नाही आणि नवशिक्याला वाटतं कन्सोल अडकला.

सरावासाठी पाठ असलेल्या एखाद्या एकांकिकेची पहिली दहा मिनिटं घ्या, १५ क्यू लिहा, मग मधल्या क्यूमध्ये मुद्दाम बदल करून पुढे काय काय बदललं ते तपासा. हे तीन-चारदा केलंत की ट्रॅकिंग अंगात भिनतं.

मूव्हिंग हेड आले की नवा प्रश्न येतो. पुढच्या प्रसंगात हेड दुसरीकडे वळायला हवा आणि तुम्ही काही तरतूद केली नसेल, तर गो दाबल्यावर तो पेटलेल्या अवस्थेत प्रेक्षकांच्या डोळ्यांवरून फिरत जागेवर जातो. उपाय म्हणजे अंधारात इंटेन्सिटी शून्य ठेवून जागा आणि रंग आधी लावून घेणं. इऑसमध्ये त्याला मार्क म्हणतात, एमएमध्ये एमआयबी (मूव्ह इन ब्लॅक). साध्या कन्सोलवर मध्ये एक वेगळा क्यू टाका आणि त्याला ऑटो फॉलो द्या, म्हणजे आधीचा क्यू संपताच तो आपोआप सुटतो. नाटकात अजून एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे आवाज. शांत ब्लॅकआउटमध्ये हेड झर्रकन वळला तर मोटरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. हालचालीला तीनेक सेकंद द्या किंवा पार्श्वसंगीत चालू असतानाच ती उरकून घ्या.

हॅलोजन आणि एलईडी एकत्र असतील तर एकाच वेळेचा फेड एकत्र संपत नाही. एलईडी शून्यावर लगेच विझतो, हॅलोजनची फिलामेंट मात्र क्षणभर लालसर राहते आणि रंगमंच नारिंगी दिसतो. एलईडीला अर्धा सेकंद जास्त द्या आणि डोळ्यांनी बघून जुळवा. उलट, हळू फेडमध्ये एलईडी पायऱ्या दाखवतो. २० टक्के म्हणजे २५५ पैकी ५१. १० सेकंदांत शून्यावर यायचं तर सेकंदाला जेमतेम पाच पायऱ्या, आणि त्या सरळ दिसतात. दिव्यात १६ बिट डिमरचा मोड असेल तर तो वापरा, नसेल तर मेनूत डिमर स्पीड किंवा स्मूथ असा पर्याय शोधा.

व्यावसायिक मराठी नाटकात कौशल्य खरं पणाला लागतं ते दौऱ्यावर. आज दादरचं शिवाजी मंदिर, उद्या ठाण्याचं गडकरी रंगायतन, परवा पुण्याचं बालगंधर्व. दिवे टांगायचे बार वेगळे, उंची वेगळी, मांडणीला मिळणारा वेळ थोडा. म्हणून क्यूमध्ये मूव्हिंग हेडची जागा थेट साठवू नका. ‘टेबल’, ‘दार’, ‘मध्य’, ‘सोफा’ अशी फोकस पॅलेट (नाव देऊन साठवलेल्या जागा) बनवा आणि क्यूंना त्यांचाच आधार द्या. नव्या नाट्यगृहात सात-आठ पॅलेट सुधारली की ६० क्यू आपोआप जागेवर येतात. डिमरचे पत्ते बदलले तर फक्त पॅच बदला. चॅनल नंबर नाटकभर तेच राहिले पाहिजेत, टेबल म्हणजे ५ म्हणजे ५.

क्यू शीट मात्र कागदावरच करा: क्यू नंबर, संहितेचं पान, कशावर द्यायचा, किती सेकंद, काय बदलतं. आपल्याकडे बहुतेक नाटकांत हेडसेटवरून क्यू देणारं कोणी नसतं, ऑपरेटरच प्रसंग बघून गो दाबतो. नट वाक्य बदलतात, गाळतातही. त्यामुळे शक्य तिथे शब्दाऐवजी कृतीवर क्यू बांधा: दिव्याच्या बटणाला हात लागला, दार लोटलं. प्रत्येक क्यूच्या तीन-चार वाक्यं आधी पेन्सिलीने ‘तयार’ असं लिहा आणि तिथून पुढे नजर स्क्रीनवर न ठेवता रंगमंचावर ठेवा. मधे क्यू वाढला तर ४.५ द्या, सगळे नंबर बदलत बसू नका.

शो दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर, नावात तारीख घालून ठेवा. सिग्नल तुटला तर काय करायचं हे बऱ्याच दिव्यांच्या मेनूत ठरवता येतं. तिथे ‘होल्ड’ निवडा, म्हणजे केबल निघाली तरी शेवटचं चित्र टिकतं. पहिली घंटा व्हायच्या आत प्रत्येक चॅनल एकेक करून वर नेऊन बघा, सबमास्टर (दिव्यांच्या एकेका गटाचे फेडर) सगळे खाली आहेत ना हे बोटांनी तपासा (एखादा १० टक्क्यांवर विसरला तर तो ब्लॅकआउटमध्येही दिवा पेटता ठेवतो), आणि क्यू लिस्ट पहिल्या क्यूच्या आधी आणून ठेवा.