पणजीचा जन्म कुणी लिहिला?

लाडक्या चिऊ,

सहलीला गेलीस तेव्हा संग्रहालयात एका इंग्रज सुईणीची जुनी वही पाहिलीस आणि झोपता झोपता विचारलंस, "आपल्या पणजीच्या सुईणीची वही कुठे आहे?" उद्या सांगते म्हणाले, पण हे लिहूनच द्यावंसं वाटलं.

इंग्लंडात १९०२ साली सुईणींसाठी कायदा झाला. मग नियमाप्रमाणे प्रत्येक बाळंतपण लिहिणं त्यांना भाग पडलं. बाईचं नाव, पत्ता, वय, आधीची बाळंतपणं किती, सुईण किती वाजता पोचली, मूल जिवंत की मेलेलं, सगळं.

पणजीच्या सुईणीला लिहिता येत नव्हतं. ती सासूच्या हाताखाली शिकली. नाळ कापायची, वार पुरायची, बाळाला न्हाऊ घालायची, बाळंतिणीला शेक द्यायची. त्याबद्दल तिला लुगडं-चोळी आणि धान्य मिळायचं. जन्माची नोंद ठेवायचा गावचा पाटील.

ते पान आपल्याकडे आहे! २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा आजीच्या मामेभावांनी ते कचेरीतून मिळवलं. अक्षर मोडी, म्हणून मोडी वाचणाऱ्यांकडे जावं लागलं. साल १९१८, दसरा-दिवाळीच्या मधले दिवस. तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होती, आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. वर-खाली नुसते मृत्यू, आणि मध्ये एक ओळ: पणजीच्या वडिलांचं नाव, जात, 'मुलगी'. संपलं. पणजीचं बारसं व्हायचं होतं, म्हणून तिचं नाव नाही. पण जिने जन्म दिला तिचंही नाही, आणि साथीत घरोघर फिरणाऱ्या त्या सुईणीचंही नाही. फोटो आला तेव्हा मला रडू आलं. तुझ्या त्या इंग्रजी वहीत बाईचं नाव आधी येतं, हे मला फार आवडलं.

पुढे शाळेत मास्तरांनी पणजीची जन्मतारीख १ जून लावली. तेव्हा कितीतरी मुलांची तीच लावत. कागदोपत्री ती शेवटपर्यंत १ जूनचीच राहिली.

लिहिण्याची आणखी एक गोष्ट आहे. बाळाच्या पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात, जवळ दिवा, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. घर झोपलं की सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणे. एखादी गोष्ट जन्मभर सुटत नाही, तेव्हा 'पाचवीला पुजलेली' म्हणतो ना, ते यावरूनच. तुझ्या पाचवीला आजी इथेच होती. पाटा नव्हता, तर तिने खलबत्ता मांडला आणि माझ्या ऑफिसचं पेन ठेवलं. तो कागद मी जपून ठेवलाय, उद्या दाखवते.

आजीचा जन्मही त्याच सुईणीच्या हातचा. रविवारी आजीला फोन लागला की आधी तू बोल आणि त्या सुईणीचं नाव विचार. मी पेन घेऊन बसते.

तुझी आई