पोर्ट कोणाचा, ते आधी सांग

चि. ... हीस,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही कोटेशनं पाहिली. ऑफिसच्या नेटवर्कसाठी कुठला स्विच (सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा) घेऊ, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज मिळणार नाही. स्टॅकिंग, क्लाउड डॅशबोर्ड, पाच वर्षांचं लायसन्स, सगळं लिहिलंस. ४८ पोर्टांवर, म्हणजे केबल लावायच्या खाचांवर, काय काय लागणार, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. पोर्ट कोणाचा ते ठाऊक नसेल, तर तो बंद. बाकीचं नंतर.

भोसरीच्या एका कारखान्यात कुणीतरी घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला, तोही लॅन पोर्टातून. जेवणाच्या सुट्टीनंतर डिस्पॅचचे पीसी त्या राउटरने वाटलेले, १९२.१६८.० ने सुरू होणारे नेटवर्क पत्ते घेऊन बसले. सर्व्हर दिसेना, चलनं निघेनात, गेटवर ट्रक खोळंबले. राउटर सापडला स्टोअरच्या टेबलाखाली, चहाच्या थर्मासमागे. डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते कोण वाटतो यावर स्विचचा पहारा) चालू असतं, तर अपलिंकशिवाय (सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टाशिवाय) दुसऱ्या कुठल्याही पोर्टावरून पत्ते वाटलेच गेले नसते. बरं, त्यांच्या स्विचमध्ये ती सोय होती. पैसे मोजून घेतलेली. चालू करा म्हणून मी लेखी दिलं होतं. साहेबांना कटकट नको होती.

त्यानंतर मी रिकामे पोर्ट बंद करायला लागलो, तर पुढच्या वर्षी एएमसीच (देखभालीचं वार्षिक कंत्राट) दुसऱ्याला गेली. थोडं नमतं घ्यायला हवं होतं, असं घरचे अजून म्हणतात. हळहळ मलाही वाटते, चांगलं काम होतं. पण उघडे पोर्ट ठेवून सही कोणी करायची? मी नाही.

तर तुझं हिंजवडीचं ऑफिस. लॅपटॉपना डॉट वन एक्स (८०२.१एक्स, ओळख पटल्याशिवाय पोर्ट न उघडणारी पद्धत) लाव. माणसाची ओळख रेडियस सर्व्हर पटवेल आणि व्हीलॅनही (त्याच्या खात्याचं वेगळं केलेलं नेटवर्क) तोच देईल. मग अकाउंट्सची बाई तिसऱ्या मजल्यावर बसली काय आणि पाचव्या काय, तिला अकाउंट्सचंच नेटवर्क मिळेल. लवचीकपणा म्हणतात तो हाच, आणि तो ओळख पटल्यावरच येतो. आधी मॉनिटर मोडमध्ये (नुसती नोंद, अडवणूक नाही) ठेव, लॉग बघ, कोण कोण नापास होतंय ते शोध. पहिल्याच सोमवारी सक्ती केलीस तर दुपारपर्यंत सीईओचा फोन येईल.

प्रिंटर आणि जुने कॅमेरे डॉट वन एक्स बोलत नाहीत, त्यांना मॅक पत्त्यावरून (यंत्राचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक) आत घ्यावं लागतं. मॅक पत्ता कुणीही नकलू शकतो, म्हणून त्यांचं व्हीलॅन वेगळं आणि एसीएल (कोणी कुठपर्यंत जायचं याचे नियम) घट्ट: प्रिंटरला प्रिंट सर्व्हरपलीकडे काही दिसता कामा नये. टेबलावरच्या पोर्टांना बीपीडीयू गार्ड (केबलचा फेरा झाला की पोर्ट बंद करणारा) आणि स्टॉर्म कंट्रोल (अतोनात रहदारी अडवणारं) हवंच. तपकीर गल्लीतून आणलेला पाच पोर्टांचा डबा कुणीतरी जोडणार, आणि त्यात एकाच केबलची दोन्ही टोकं खुपसणार. स्विचमध्ये दुरून शिरायला टेलनेट (उघडं) बंद, एसएसएच (कुलूपबंद) चालू. हे तुला सांगायला लागू नये.

पीओईत (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्यात) मात्र फसू नकोस. डेटाशीटवर '४८ पोर्ट, ३० वॉट' असतं आणि खाली बारीक अक्षरात एकूण बजेट ७४० वॉट. म्हणजे पुरे ३० वॉट २४ पोर्टांनाच. तुझे नवे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे डबे) किती वीज खातात, ते आधी मोज. त्यांच्यापुरते अडीच गिगाबिटचे पोर्ट घे. २०१६ च्या ८०२.३बीझेड मानकामुळे ते जुन्या कॅट फाइव्ह-ई केबलवरही चालतात, भिंती फोडायला नकोत. दोन इमारतींमधला फायबर दुसऱ्याच्या डक्टमधून जातोय ना? मग त्या लिंकवर मॅकसेक (वाटेतला डेटा सांकेतिक करणं) चालेल का, आणि त्याचं लायसन्स वेगळं आहे का, हे विक्रेत्याकडून लिहून घे.

व्हीएक्सलॅनचं (मोठ्या डेटा सेंटरांसाठीचं, नेटवर्कावर रचलेलं नेटवर्क) तूर्त विसर. तीन मजल्यांना तो कशाला?

शनिवारी मजल्यांवरून स्वतः फिर. प्रत्येक सॉकेटसमोर लिही: कुठल्या पोर्टात जातं, त्यावर काय आहे, मालक कोण. मालक सापडला नाही तर शटडाउन. कुणीतरी ओरडत येईल, मग त्याचं नाव लिही. ती यादी पाठव. यादीशिवाय कोटेशन आलं तर मी उघडणार नाही.

तुझा,
काका