चेरीवर पहिला सी प्रोग्राम चालवण्याआधी

चेरी म्हणजे मेमरीच्या चुका हार्डवेअरमध्येच पकडणारी प्रोसेसरची रचना. बेळगावच्या उद्यमबागेत मोरेलो बोर्ड, म्हणजे चेरी असलेला आर्मचा प्रायोगिक बोर्ड, शोधत फिरू नका, मिळणार नाही. उबंटूवर चेरीबिल्ड ही बिल्ड स्क्रिप्ट वापरून क्यूईएमयू (मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर चेरीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम उभी करा. पहिल्या बिल्डला तासन्‌तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा.

चेरीत पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता नव्हे. खरेदीखतात चतुःसीमा आणि हक्क असतात, तशा त्यात हद्द आणि परवानग्या असतात. 64 बिटी मशीनवर तो 128 बिटांचा. शिवाय 1 टॅग बिट, म्हणजे पॉइंटर वैध असल्याची खूण, जी हार्डवेअर वेगळी सांभाळतं. हद्द आखडता येते, वाढवता येत नाही.

जुना कोड टॅगपाशीच अडकतो. पॉइंटर लाँग या पूर्णांक टाइपमध्ये ठेवून परत आणलात की टॅग गेला आणि वापरताच ट्रॅप, म्हणजे हार्डवेअर प्रोग्रामला तिथंच अडवतं. तिथं युइंटपीटीआर (uintptr_t) टाइप घ्या. एकेक बाइट हलवणाऱ्या लूपनंही टॅग उडतो, मेमकॉपीच (memcpy) बरी. स्वतःचा ॲलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) असेल तर अलाइनमेंट 8 नव्हे, 16 बाइट ठेवा. बऱ्याच तक्रारी एवढ्यानं मिटतात.

पण सगळं पकडलं जाईल असं समजू नका. स्ट्रक्टमधला ॲरे शेजारच्या फील्डवर सांडला तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये ट्रॅप येत नाही. फ्री केलेल्या मेमरीचा जुना पॉइंटर नुसत्या हद्दीनं मरत नाही, त्याला रिव्होकेशन, म्हणजे असे जुने पॉइंटर शोधून रद्द करणं, चालू असावं लागतं.